फवारणी पंपाचं बटण

शेलूबाजारला घरातल्या पुढच्या खोलीत मी लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. ऐन लग्नसराईत, मे महिन्यात, माझा कॉम्प्युटर तापून बंद पडू लागला. नवरा-नवरी सप्तपदीच्या चौथ्या पावलावर आली की पडदा काळा.

अकोल्याला माझा एक मित्र जुने सर्व्हर मोडून त्यांचे सुटे भाग विकतो. त्याने मला सर्व्हरमधले तीन पंखे दिले. तळहाताएवढे, पण विटेसारखे जाड.

"लावून पाय, कॉम्प्युटरले हुडहुडी भरन," तो म्हणाला.

मी तिन्ही पंखे थेट पॉवर सप्लायला जोडले. वेग कमी-जास्त करायची सोय ठेवलीच नाही. कॉम्प्युटर सुरू केला आणि खोलीत मळणीयंत्र शिरल्यासारखा आवाज झाला. टेबलावरच्या पत्रिका उडून भिंतीला चिकटल्या. बायको हातात लाटणं घेऊनच धावत आली. समोरचे किराणा दुकानदार शेठजी उंबऱ्यात उभे राहून ओरडले, "काय भाऊ, गिरणी टाकली काय? पायलीभर गहू आणू?"

कॉम्प्युटर मात्र गार. मी कानात कापूस घालून मोठ्या तोऱ्यात काम करत राहिलो.

तिसऱ्या दिवशी आसेगावचे एक काका मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ पाहायला आले. त्यांची भाजीची बाग होती. माणूस कमी बोलणारा, टोपी नीट बसवून खुर्चीत ताठ बसलेला. पंख्यांपुढे स्पीकरचं काही चालेना, म्हणून मीच त्यांच्या कानाशी ओरडत होतो, "आता मंगलाष्टकं चालू हायेत! आता मामा रडून राह्यले!"

पाठवणी आली. पडद्यावर मुलगी वडिलांच्या गळ्यात पडली आणि काहीतरी बोलली. काका एकदम पुढे झुकले.

"काय बोलली ते? त्या दिवशी बँडात मले काई ऐकू नाई आलं."

नवरदेवाच्या कोटाला माइक होता. तिचं बोलणं त्यात आलं होतं. मी आवाज पूर्ण वाढवला. तरी पंखेच जिंकले.

"बंद कर ना बापू ते पंखे!"

"पंखे बंद केले तं कॉम्प्युटर बंद पडते, काका."

काकांनी खाली वाकून वायर पाहिल्या. "किती व्होल्टचे हायेत?"

"बारा."

"आमचा फवारणीचा पंपही बाराचाच हाय. त्याले फवारा कमी-जास्त कराचं बटन असते. तुया पंख्यायले काहून नाई?"

काका मोटरसायकलवर आसेगावला गेले आणि तासाभरात मोडक्या पंपाचं ते गोल बटण घेऊन आले. आम्ही दोन पंखे काढले, उरलेल्याच्या वायरीत ते बटण बसवलं आणि हळूहळू मागे फिरवलं. पंखा गुणगुणण्यावर आला. कॉम्प्युटरला तेवढा वारा पुरला.

मी पाठवणी पुन्हा लावली. हुंदके देत मुलगी सांगत होती, "बाबा, टमाट्याले पानी द्याले इसरू नोका. तुमी इसरता."

हसता हसता काकांनी टोपी काढली आणि तिनेच डोळे पुसले.

"परत लाव," ते म्हणाले. मी लावलं. पाच वेळा.