गाद्यांच्या गोदामात झालेलं माझं पहिलं गाणं

आधी मांडववाल्या मावशींचं सांगते, मग माझं. जळकोटला हायवेच्या कडेला त्यांचं गोदाम आहे. लग्नाच्या गाद्या, लोड, कनाती पत्र्यापर्यंत रचलेल्या. मी त्यांच्या नात्यातली न्हाय, गावातली एवढंच. पण बँड सुटल्यावरचं माझं एकटीचं पहिलं गाणं तिथं झालं.

नववीत शाळा सोडली. पुढं पुण्यात मेसमध्ये पोळ्या लाटता लाटता एका रॉक बँडमध्ये गायला लागले. तिघं पोरं आणि मी. एक गाणं लिहिलं मी, चाल लावली मी. गिटारवाला म्हणाला, "तुझा आवाज जत्रेतला वाटतो गं." आणि तेच गाणं दुसऱ्या मुलीकडून गाऊन घेऊन बाहेर काढलं. मला ते मोबाईलवर कळलं. कोर्टकचेरीचं भ्या वाटलं, म्हणून भांडलेही नाही. एसटी धरून घरी आले. म्हटलं, यांना गाण्यातच गाडायचं.

नव्या गाण्याच्या ध्रुपदात तिघांची नावं घातली, प्रत्येक नावाला एक शिवी. स्टुडिओ परवडत नव्हता. गाद्यांत आवाज घुमत नाही एवढं माहीत होतं. मावशी म्हणाल्या, "ये की. पर लगीनसराई हाय, गाद्या गेल्या की संपलं." तरी एका लग्नाच्या चाळीस गाद्या त्यांनी मागं ठेवल्या. भर दुपार, पंखा बंद, उसना माइक. पत्रा तापून टकटक वाजायला लागला, तर मावशींनी गडी वर चढवून कनाती अंथरायला लावल्या.

एकदा गाऊन झालं. मावशी थप्पीवर बसून पदरानं वारा घेत होत्या.

"कसं वाटलं, मावशी?"

"त्या पोरांची लई जाहिरात केलीस बाई."

"जाहिरात? शिव्या दिल्यात मी!"

"व्हय. पर नावं त्यांचीच पाठ झाली मला. तू कुठं हायस यात?"

राग आला, रडू आलं. मग नावं काढली. राग तेवढाच ठेवला. नावांच्या जागी नुसती ओरडले, भर जत्रेत ओरडावं तशी.

गाणं बाहेर आल्यावर गिटारवाल्याचा मेसेज आला, "भारी झालंय. कुठला स्टुडिओ?" वाचला आणि उत्तर दिलं नाही. बघत बसू दे निळ्या खुणा.

आता मी बंगळूरला असते. गाण्याचे कार्यक्रम करते. परवा आई फोनवर बोलली: ज्याच्या चाळीस गाद्या माझ्यासाठी मागं ठेवल्या त्या लग्नात गाद्या कमी पडल्या, तेव्हा नवरदेवाच्या मामानं सगळ्या वऱ्हाडासमोर मावशींना चोर म्हटलं. मावशींनी माझं नाव घेतलं नाही. मलाही एका शब्दानं कळवलं नाही.

मावशी, हे मी फेडणार. जळकोटात एक दिवस माझा कार्यक्रम होईल, मांडव तुमचाच. त्या मामाला मी स्वतः आवतन देईन, पुढं बसवीन, आणि गाद्या कुणापायी राहिल्या ते माइकवरून सांगेन. तुमची माफी मागितल्याबिगर त्याला जाग्यावरून उठू देणार न्हाय.