सीतादहीच्या दिवशी मागच्या सीटवर

मी पहिल्यांदाच एकटी स्कूटीवर अमरावतीहून चांदूर बाजारकडे निघाले होते आणि दुतर्फा फुटलेला कापूस पाहून हेल्मेटमध्ये मोठ्याने गात होते. वलगावच्या पुढे एका शेतात कापसाच्या पहिल्या वेचणीआधीची सीतादहीची पूजा चालली होती. कमरेला कापूस वेचायची ओटी बांधलेली एक म्हातारी धावत रस्त्यावर आली. मी गाडी थांबवताच तिने माझ्या हातावर दहीभात ठेवला.

"एकटीच काहून फिरून राहिली?"

"शेतं पाहायला, मावशी."

तिने सीट दाबून पाहिली, शेतातल्या बायांना ओरडून सांगितलं, "तुमी लागा वेच्याले, मी येतो पाहून," आणि बसलीसुद्धा!

वळणापर्यंत तिने माझा खांदा घट्ट धरला होता. मग मागे वळून पाहत किंचाळलीच, "अवं बाई, आमचं वावर दुरून एवढं पांढरं दिसते?"

परतून मी शेताशी गाडी थांबवली, पण ती उतरेना.

"आता त्या बाजूनं दाखव."