दुसऱ्या वर्षाची खोली

पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा हॉस्टेलच्या फळ्यावर सूचना लागली की दुसऱ्या वर्षापासून मुलींनी आपापली सोय बाहेर पाहावी. हॉस्टेल लहान होतं आणि नव्या मुली दर वर्षी वाढत होत्या, तेव्हा नियम अगदीच वाईट होता असं मी म्हणणार नाही. पुण्यात खोल्यांना काय तोटा, असं सगळ्याच म्हणत होत्या. मीही म्हणाले.

माझी खोलीतली जोडीदारीण लोणी काळभोरची, शेतकऱ्याची मुलगी. दुपारच्या प्रॅक्टिकलनंतर गावाकडची बस मिळायची नाही, म्हणून तिच्या वडिलांनी तिला हॉस्टेलात ठेवलं होतं. मी सोलापूरकडच्या एका लहान गावातली. माझे वडील मराठी शाळेत शिक्षक. घरी आम्ही दखनी उर्दू बोलायचो, बाहेर मराठी, आणि दोन्ही भाषांत वडिलांचं सांगणं एकच असायचं: कुणी विचारलं तर खरं सांगावं आणि मान वर ठेवून सांगावं.

परीक्षा संपल्यावर आम्ही दोघी खोली शोधायला निघालो. कॉलेजच्या आसपासच्या गल्ल्या झाल्या, मग सहकारनगर, मग बिबवेवाडी. सगळीकडे साधारण सारखंच घडायचं. दारावर पाटी असायची. घरमालकीण आम्हाला खोली दाखवायची, नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगायची, पाहुणे चालणार नाहीत म्हणायची. आम्ही सगळ्याला हो म्हणायचो. मग ती नावं विचारायची. मैत्रिणीचं नाव ऐकून मान हलवायची आणि माझं नाव ऐकलं की तिला एकदम काहीतरी आठवायचं. कुणाच्या मुलाचं लग्न ठरलेलं असायचं, कुणाला खोलीची डागडुजी करायची असायची. एका काकांनी तर आमच्या समोरच दारावरची पाटी काढून आत नेली. दोन दिवसांनी आम्ही तिथून गेलो तेव्हा ती पुन्हा लागलेली होती.

बिबवेवाडीतल्या एका बाईंनी मात्र आडपडदा ठेवला नाही. मैत्रिणीला बाजूला घेऊन, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तू एकटी येत असशील तर उद्यापासून ये. तुझी काही अडचण नाही."

मैत्रीण म्हणाली, "आम्ही दोघी हाय काकू. एकीला नाय म्हणलं की दोघींना नाय."

रस्त्यावर आल्यावर मी तिच्यावर चिडले. म्हटलं, तुला मिळतेय तर घे ना. ती म्हणाली, "गप चल. मला काय गाव नाय का? बस नाय मिळाली तर दुधाच्या टेम्पोतनं येईन. पण त्या बाईच्या घरात नाय राहायची मी."

माझ्या वडिलांच्या लांबच्या नात्यातलं एक कुटुंब कॅम्पात राहत होतं. पिढ्यानपिढ्या पुण्यात राहिलेली माणसं, कापडाचं छोटं दुकान. त्या घरातल्या चाचींनी मला जेवायला बोलावलं आणि सरळ सांगितलं, इथेच राहा. त्यांच्या दोन खोल्यांत आठ माणसं होती. तरी त्यांनी मनापासून सांगितलं आणि मीही मनापासून नाही म्हणाले. चाची दुखावल्या. मला ते तेव्हा नीट समजावून सांगता आलं नाही. आसरा मला कुठेही मिळाला असता, पण मला खोली हवी होती. माझ्या वर्गातल्या इतर मुलींना मिळते तशी, पसंत पडली म्हणून घेतलेली, कॉलेजपासून चालत जाता येईल अशी.

सुट्टीनंतर कॉलेज उघडलं तेव्हा मी ट्रंक आणि वळकटी घेऊन थेट हॉस्टेलच्या व्हिजिटर्स रूममध्ये आले. ट्रंक भिंतीला लावली आणि तिच्यावर बसले. बातमी रेक्टरबाईंपर्यंत जायला वेळ लागला नाही.

रेक्टरबाई सदाशिव पेठेत वाढलेल्या. कडक इस्त्रीचं सुती लुगडं, सोनेरी काडीचा चष्मा. रागावल्या की त्या मुलींना 'आपण' म्हणत, त्यामुळे तो शब्द ऐकला की आम्ही दुसऱ्या जिन्यानं पळ काढायचो.

"आपण इथे का बसला आहात?" त्यांनी विचारलं.

"राहायला आले बाई."

"अस्सं. ही काय धर्मशाळा आहे?"

"नाही बाई. धर्मशाळेत धर्म विचारून घेतात. हॉस्टेलात विचारत नाहीत, म्हणून इथे आले."

दारात गर्दी केलेल्या मुलींपैकी कुणीतरी हसलं. बाईंनी तिकडे नुसतं पाहिलं आणि गर्दी पांगली. मग त्यांनी दार लावून घेतलं आणि मला सगळं सांगायला लावलं. मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"खेड्यापाड्यात असेल असं. हे पुणं आहे. तूच काहीतरी उलट बोलली असशील. तुझं तोंड मला माहीत आहे."

"मग तुम्ही चला माझ्याबरोबर," मी म्हणाले. "घर तुम्ही निवडा. मी तोंड उघडणार नाही."

मला वाटलं, त्या मला हाकलतील. त्यांनी छत्री उचलली.

त्यांची शाळेतली एक मैत्रीण बिबवेवाडीतच, पण आम्ही न फिरलेल्या भागात राहत होती. नव्या सोसायटीत बंगला, यजमान वारलेले, मुलगा परदेशी, वरची खोली भाड्यानं द्यायची होती. "अतिशय सुशिक्षित बाई आहे," रेक्टरबाई रिक्षात म्हणाल्या. मी गप्प होते. तोंड उघडणार नाही असं कबूल केलं होतं ना.

त्या बाईंनी आमचं छान स्वागत केलं. पोहे केले, वर ओलं खोबरं घातलं. खोली पूर्वेची होती, खिडकीशी टेबल. त्यांनी मला अभ्यासाचं विचारलं, गावाचं विचारलं, आणि मग तोंड उघडावंच लागलं. त्या खूश झाल्या. "किती स्वच्छ बोलतेस गं! आमच्याकडची मुलं बघ, अर्धं इंग्रजी. वडील शिक्षक, होय ना? वाटलंच मला. नाव काय तुझं?"

मी नाव सांगितलं.

त्यांच्या हातातला चहाचा कप बशीत टेकला. त्या रेक्टरबाईंकडे वळल्या. "अगं, तुला सांगायचं राहूनच गेलं. माझा पुतण्या येणार आहे राहायला. कालच कळलं."

रेक्टरबाईंनी चष्मा सारखा केला. "तुझे यजमान एकुलते एक. पुतण्या कुठून आणलास?"

मग त्या बाई म्हणाल्या, "तू तरी समजून घे. माझं स्वतःचं काही नाही गं. पण घरात देव आहेत, सोसायटीतले लोक आहेत…"

रेक्टरबाई उठल्या. मी उठले नाही. माझ्या बशीत पोहे होते. मी ते सावकाश खाल्ले. मागून पाणी मागितलं आणि त्या बाईंना ते आणावं लागलं. एरवी इतका वेळ लावून मी कधी खात नाही. पण त्या दिवशी ठरवलं होतं की या घरातून घाईनं बाहेर पडायचं नाही. घाई करायला मी काय केलं होतं?

जाताना मी म्हणाले, "पोहे छान होते. खोलीही छान आहे. रिकामी ठेवायची असेल तर ठेवा."

परतताना रेक्टरबाई रिक्षात बाहेर बघत बसल्या होत्या. स्वारगेट आल्यावर म्हणाल्या, "माझ्या घरी मागची खोली आहे. तू तिथे राहा. मला काही द्यायची गरज नाही."

चष्मा काढून त्या पदरानं पुसत होत्या. त्या वेळी हो म्हणणं फार सोपं होतं.

"नको बाई," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी अशी आणखी एक मुलगी आली तर तिलाही तुम्ही घरी नेणार का? नियम बदला."

"नियम मी करत नाही. समिती करते."

"मग समितीला भेटते."

"फार झालं हं," त्या म्हणाल्या. पण रिक्षातून उतरल्या त्या थेट प्राचार्यांच्या खोलीकडे गेल्या.

समिती बसेपर्यंत मी व्हिजिटर्स रूममध्येच राहिले. मैत्रीण दुसऱ्याच दिवशी गावाहून स्वतःची वळकटी आणि कंदिलाएवढा मोठा गुळाचा खडा घेऊन आली आणि माझ्या शेजारी पसरली. मुलींना भेटायला आलेले पालक दारातून डोकावत आणि चुकल्यासारखे मागे सरत. मेसच्या मावशी आमचं ताट तिथेच पाठवायच्या. त्यांना कुणी सांगितलं होतं, हे मी विचारलं नाही.

समितीत प्राचार्य, रेक्टरबाई आणि दोन वयस्कर गृहस्थ होते. त्यांतल्या एकांनी अगदी मायेनं विचारलं, "बाळ, तुमच्या समाजाचं एखादं वसतिगृह असेल की कुठेतरी?"

"माझा समाज म्हणजे दुसऱ्या वर्षाचा रसायनशास्त्राचा वर्ग," मी म्हणाले. "त्याचं वसतिगृह हेच."

प्राचार्य हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. ते म्हणाले, "ठीक आहे. विशेष बाब म्हणून, सहानुभूतीनं विचार करू."

तिथेच आभार मानून उठता आलं असतं. तरी मी म्हणाले, "सर, सहानुभूती नको. मला जागा हक्कानं हवी आहे."

प्राचार्यांनी समोरची फाईल मिटली. आता गेलंच सगळं, असं मला वाटलं. तेवढ्यात रेक्टरबाई बोलल्या. "आपला नियम सांगतो की मुलींनी बाहेर राहावं. म्हणजे बाहेर राहता येतं, असं आपण गृहीत धरलं आहे. मी स्वतः जाऊन पाहून आले. या मुलीला राहता येत नाही. दोष तिचा नाही, तेव्हा शिक्षाही तिला नको. ज्या मुलीला बाहेर जागा मिळत नाही ती इथे राहील, आणि का मिळत नाही हे तिला कुणी विचारणार नाही. एवढं एक वाक्य नियमात घाला. पटत नसेल तर उद्यापासून रेक्टर दुसरी शोधा. मग या मुलीसाठी खोलीही तिलाच शोधावी लागेल."

ते वाक्य घातलं गेलं.

आम्हाला जिन्याखालची खोली मिळाली. पूर्वी तिथे खेळाचं सामान ठेवत. भिंतीला ओल होती आणि कुणी जिना चढलं की डोक्यावर ढोल वाजल्यासारखं वाटायचं. खिडकी एकच. तिच्याशी कुणाचा पलंग, यावरून मैत्रिणीचं आणि माझं पहिल्याच आठवड्यात असं कडाक्याचं भांडण झालं की आम्ही चार दिवस एकमेकींशी बोललो नाही. ती हट्टी होती आणि मी तिच्याहून हट्टी. शेवटी रेक्टरबाई आल्या, दोन्ही पलंग ओढून त्यांची डोकी खिडकीशी लावायला लावली आणि म्हणाल्या, "आपण दोघी बाहेर कुठे खोली बघता का?"

"नाही बाई," आम्ही दोघी एकदम म्हणालो.