सातवा हात

मी सेलूच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. रोमच्या राजाची ती शोकांतिका दरवर्षी माझ्याच वाट्याला येते. राजाचीच माणसं कट करतात, भर सभेत त्याला भोसकतात आणि शेवटचा घाव जिवलग मित्राचा असतो. पोरं दरवर्षी एकच विचारतात, "मॅडम, एवढे जण जमले तरी त्याला कळलं कसं न्हाई?" मी सांगते, मोठेपणा डोक्यात गेला की माणसाला कमी दिसतं. हे उत्तर मी गाईडातून उचललं होतं. खरं उत्तर मला माहेरी मिळालं, माझे वडील सरपंच झाल्यावर.

आमचं गाव देवगाव फाट्यापासून जवळच. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. काका म्हणजे अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त. नात्यातले नव्हेत, पण त्यांना विचारल्याशिवाय आमच्या घरातली म्हैससुद्धा विकली जात नसे. ग्रामपंचायतीला दोघं एकाच पॅनलमधून निवडून आले, तेव्हा बांधावर बसून ठरलं, की अडीच वर्षं अण्णा सरपंच आणि पुढची अडीच काका. अडीच वर्षं सरली. अण्णांनी खुर्चीला नवी गादी करून घेतली.

मग एके दिवशी सदस्य देवदर्शनाला निघाले. आमच्याकडे सदस्य एका गाडीत बसून देवाला निघाले की शेंबड्या पोरालाही कळतं, अविश्वास ठराव येतोय. कोणी फुटू नये म्हणून सगळ्यांना गावाबाहेर ठेवायचं, देवापुढे बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावायची आणि थेट सभेच्या दिवशी परत आणायचं. हे न कळणारा गावात एकच माणूस होता. मी फोन लावला.

"अण्णा, सगळे सदस्य मिळून देवाला कशाला गेलेत?"

"सगळे कुठं? मी हाय, तुझी चुलती हाय. बाकीचे सात गेले. मानसं भाविक हायत."

"आणि गाडी कुणाची?"

"आपली जीप. मग काय पायी धाडू? डिझेल बी मीच भरून दिलं. तुझ्या मायनं दशम्या बांधून दिल्या, वर लसणाची चटनी."

रोमच्या राजाने निदान मारेकऱ्यांना डबा तरी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तहसीलची नोटीस आली आणि ठरावात पुढाकार काकांचा असल्याचं सगळ्या गावाला कळलं. मी रजा टाकून माहेरी गेले. नऊ सदस्य, तीन चतुर्थांश म्हणजे ठरावाला सात हात लागणार. गेलेले बरोबर सात, म्हणजे एक हात जरी खाली राहिला तरी अण्णा वाचत होते. तो हात कुणाचा, याबद्दल अण्णांना शंकाच नव्हती.

"त्यो नोटीस दील, पन सभेत हात वर करनार न्हाई. माझ्या तोंडाकडं बघून न्हाई करायचा. त्याला खुर्ची पायजे व्हती तर मागायची व्हती की."

"मागितली व्हती," माय चुलीपाशून म्हणाली. "चहा पेता पेता. तुमी म्हनले, बघू."

मला तर दोघांचाही राग आला होता. अण्णांचा, दिलेला शब्द गिळला म्हणून. आणि काकांचा, सरळ भांडायचं सोडून आमच्याच दशम्या खात कट केला म्हणून. सभेच्या सकाळी मी मायला विचारलं, रात्री वाईट स्वप्न वगैरे पडलं का? नाटकातल्या राणीला पडतं.

"झोपच लागना, सपान कुठून पडंल?" माय म्हणाली.

सभेच्या वेळेला अण्णांचीच जीप ग्रामपंचायतीपुढे येऊन थांबली. गाडी धुऊन आणली होती, हे मात्र मान्य केलं पाहिजे. एका सदस्याने चावी अण्णांच्या हातात दिली, वर प्रसादाचा पेढा. अण्णांनी पेढा कपाळाला लावून खाल्ला. राजकारण वेगळं आणि देव वेगळा. काका मात्र खाली बघत आत गेले.

आम्ही मायलेकी खिडकीत उभ्या राहिलो. तहसीलदारसाहेबांनी ठराव वाचला. त्यात गावाच्या विकासाचा उल्लेख इतक्यांदा होता, की रोमचे कटवालेही लाजले असते. मग ते म्हणाले, "ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

सहा हात झटकन वर गेले. काकांचा हात छातीपर्यंत आला आणि थांबला.

अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी खिडकीकडे, माझ्याकडे पाहिलं. बघ, मी म्हणालो नव्हतो का, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. मला रडूच फुटणार होतं, तेवढ्यात काकांच्या तोंडाकडे लक्ष गेलं. दात आवळलेले, कपाळावर घाम. काकांचा उजवा खांदा महिनाभर धरलेला होता. सदरा घालायलासुद्धा काकूंची मदत लागायची. हात वर करायचा ते आटोकाट प्रयत्न करत होते.

"अर्धा हात मी मोजत नाही," तहसीलदार म्हणाले.

"डावा करू का, साहेब?"

"कोणताही करा."

"डावा न्हाई चालायचा," मागून एक सदस्य बोलून गेला. "बेलभंडारा उजव्यानं उचललाय."

खिडक्यांतल्या गर्दीत एकच हशा पिकला. त्या सदस्याने जीभ चावली. शपथेची गोष्ट अशी भर सभेत उघडी पडली आणि अण्णांना कळलं, हात मैत्रीमुळे अडलेला नाही, खांद्यामुळे अडलाय. त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. काका परत उजवा हात उचलायला लागले आणि कळवळले.

अण्णा खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून काकांपाशी गेले. आता हे त्यांच्या कानाखाली वाजवणार, म्हणून मी गज घट्ट धरले. अण्णांनी एक हात काकांच्या कोपराखाली घातला, दुसरा खांद्यावर ठेवला आणि तो हात हळूहळू, बेताने वर नेला.

"मोजा, साहेब."

"सरपंच, तुम्ही काय करताय, कळतंय ना तुम्हाला?"

"कळायलंय. अडीच वर्साचा शब्द व्हता माझा."

"गाडी बी यांची, दशम्या बी यांच्या," माय माझ्या कानाशी पुटपुटली, "आन् आता हात बी यांनीच वर करायचा." पण पदर तिने डोळ्यांना लावला होता. माझं तर कधीचंच सुरू झालं होतं.

तहसीलदारांनी सात मोजले आणि ठराव मंजूर झाला. बाकीचे सहा जण हात खाली करून एकमेकांकडे बघत बसले. काकांचा हात अजून वरच होता, अण्णांच्या हातात.

"दुखायलंय," काका म्हणाले.

"मला बी," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी तो हात जपून खाली आणला.