सर्जादाचे दोन फॉरवर्ड आणि एक बॉक्सर

जर्सीवर मी छापलेला नंबर चार धुण्यांत जातो, असं माझं गिऱ्हाईक मला तोंडावर सांगतं. जात असेल. पण माझ्या दुकानात सांगितलेला किस्सा मात्र वर्षानुवर्षं जात नाही. उलट दरवेळी सांगताना त्याच्यावर नवा रंग चढतो. दुकान दहा बाय आठचं, कोल्हापुरात फुटबॉलच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर. आत जर्सीचे गठ्ठे, फ्लेक्सचं मशीन, आणि दारात एक बाक. गिऱ्हाईक उभं असतं आणि बाकावर फुकटे बसतात. माझे वडील दुकानांचे बोर्ड रंगवायचे म्हणून मलाही सगळे पेंटर म्हणतात. ब्रश मी जन्मात धरलेला नाही.

बाकाचा कायमचा मालक म्हणजे सर्जेराव, आमचा सर्जादा. दूध संघात फॅट तपासायच्या मशीनवर तीस वर्षं काढून रिटायर झालेला. दुधात पाणी घातलेलं त्याला नुसत्या वासावरून कळतं. फॉरवर्डच्या बढाईत किती पाणी आहे, ते मात्र अजून कळलेलं नाही. दुसरा इकबालभाई. त्याचं समोरच फुटबॉलचे बूट शिवायचं दुकान आहे. तो बोलतो कमी आणि टोचतो जास्त. आता धंदाच तसा आहे म्हणा. आणि तिसरा मी.

*

सर्जादाचं पहिलं दैवत म्हणजे आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचा सेंटर फॉरवर्ड, प्रताप. हा प्रताप चार सीझन आमच्या डोक्यावर बसला होता. सर्जादा स्वतः आयुष्यात एकदाही बॉलला पाय लावलेला माणूस नाही, पण प्रताप कसा वळतो, कसा थांबतो, हे तो बाकावरून उठून करून दाखवायचा. एकदा दाखवताना पाय मुरगळला, तर आठवडाभर प्रतापसारखाच लंगडला.

एका फायनलला पलीकडच्या पेठेविरुद्ध पेनल्टी मिळाली. प्रतापनं ती मारली, आणि बॉल गोलपोस्टवरून थेट प्रेक्षकांत गेला. मॅच गेली. सर्जादा घरी जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपला. दोन दिवस अन्नाला शिवला नाही. त्याची बायको, आमच्या मंगलवहिनी, रडकुंडीला आल्या, शेजारी येऊन समजूत घालून गेले.

तिसऱ्या दिवशी तो बाकावर आला आणि त्याला इकबालभाईकडून कळलं, की मॅच संपल्यावर तासाभरात प्रताप एका खानावळीत मटणाचं ताट घेऊन बसला होता. तांबडा रस्सा दोनदा मागून घेतला म्हणे.

सर्जादा बाकावर टेकला. मग एवढंच म्हणाला, "पेनल्टी त्यानं चुकवली आणि उपास मी केला."

आम्हाला वाटलं, सुटला बिचारा. पुढच्या रविवारी तो पहिल्या रांगेत होता.

*

त्याच पेनल्टीचं कारण घेऊन प्रताप इकबालभाईकडं आला. हातात उजव्या पायाचा बूट. त्याचं म्हणणं असं, की ऐन मारायच्या वेळी सोल सैल झाला, म्हणून बॉल वर गेला. हे तो इतक्या मोठ्यानं सांगत होता, की चार दुकानांपर्यंत ऐकू जावं. सर्जादा तर लगेच मान डोलवायला लागला. पेठेतल्या अर्ध्या लोकांना तेच हवं होतं. दोष बुटाचा निघाला की सगळ्यांची सोय होते.

इकबालभाईनं बूट घेतला. सोल वाकवून बघितला, टाके मोजले, आत हात घालून चाचपला. मग त्यानं बूट परत प्रतापच्या हातात दिला.

"बूट ठीक हाय," तो म्हणाला. "आत कोण हुतं?"

*

वर्ल्ड कपच्या वर्षी आमच्याकडं माणसं ओळखायची सोपी रीत आहे. अर्धी पेठ ब्राझील, अर्धी अर्जेंटिना. सख्खे भाऊ एका घरात दोन झेंडे लावतात आणि मधल्या भिंतीवरून महिनाभर बोलत नाहीत. सर्जादा कट्टर ब्राझील.

नेमकं त्याच वर्षी त्याच्या लेकीला, पूनमला बघायला कुरुंदवाडचे पाहुणे आले. माझ्याकडं चांगला शर्ट आहे म्हणून मलाही बोलावलं होतं. मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत, स्वभावानं गरीब. मामांनी शेती विचारली, काकांनी शिक्षण विचारलं, वहिनींनी आवडीनिवडी विचारल्या. सर्जादा तोंड उघडेना. पोहे संपले तेव्हा तो पुढं सरकला आणि मुलाच्या डोळ्यांत बघून विचारलं, "ब्राझील का अर्जेंटिना?"

मुलगा गोंधळला. थोडा विचार करून नम्रपणे म्हणाला, "दोन्ही लांब पडतंय, मामा. कंपनीनं पुण्यातच ठेवलं तर बरं."

सर्जादा उठून आत गेला. तो नकार द्यायलाच गेला होता. पण स्वयंपाकघराच्या दारात पूनमनं त्याला अडवलं आणि स्पष्ट सांगितलं की करीन तर ह्याच्याशीच. कारणही सांगितलं. हा माणूस निदान दुसऱ्याच्या पेनल्टीपायी उपाशी झोपणार नाही.

लग्न झालं. जावई आजही सासऱ्याला विचारतो, की ऑफसाईड म्हणजे काय. सर्जादा दर दिवाळीला समजावून सांगतो.

*

मग सर्जादाचं ब्लडप्रेशर निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि मैदानात जायला बंदी केली. हा गडी ऐकणारा नव्हे. तो मैदानाबाहेर भिंतीला पाठ लावून उभा राहायला लागला. आतला आवाज ऐकून गोल कुणाचा ते सांगायचा, आणि प्रेशर होतं तिथंच राहायचं.

शेवटी मंगलवहिनींनी तोडगा काढला. त्या आत जाऊन बसणार आणि फोनवरून सर्जादाला घरी शांतपणे मॅच सांगणार. वहिनींनी तोवर फुटबॉल बघितला नव्हता. पहिल्या दिवशी मी सर्जादाच्या घरीच होतो. फोन स्पीकरवर. वहिनी सांगत होत्या की गर्दी बरी आहे, पाटलांच्या सूनबाई आल्यात, ऊन फार आहे. सर्जादानं प्रताप काय करतोय विचारलं.

"उभा हाय."

पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं. "मगाधरनं उभाच हाय की वो. दमला असंल."

चार वर्षं ज्याची तारीफ ऐकली, त्या फॉरवर्डचं इतकं अचूक वर्णन मी कुठल्या वर्तमानपत्रात वाचलेलं नाही.

सर्जादाचं प्रेशर महिन्याभरात उतरलं. पण वहिनींना गोडी लागली. तिसऱ्या मॅचला त्यांनी रेफ्रीचं सगळं खानदान काढलं, तेव्हा एका लेडी कॉन्स्टेबलनं येऊन त्यांना खाली बसवलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी सर्जादाला मैदानात जायची परवानगी दिली आणि वहिनींना बंदी केली.

*

दुसरं दैवत आफ्रिकेतून आलं. आमच्या तालमीनं एका सीझनसाठी बाहेरचा फॉरवर्ड आणला. नाव त्याचं वेगळं होतं. आमच्या जिभेला ते झेपेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याचा विनायक झाला. त्यानंही हसून मान्य केलं. दोन महिन्यांत गडी 'काय म्हंतासा' म्हणायला लागला.

सेल्फीला त्याच्याभोवती मुंग्यांसारखी माणसं. खोली मात्र कुणी देईना. एकानं सांगितलं की आमच्याकडं मांसाहार चालत नाही. हा माणूस स्वतः रविवारी इकबालभाईशेजारी कबाब खाताना मी बघितलाय. दुसऱ्या घरमालकानं विनायकला दारातूनच परत पाठवलं आणि तालमीला निरोप दिला, की घरात लेकीबाळी आहेत. सर्जादा ते ऐकून संतापला. विनायकला तो स्वतःच्या घरी घेऊन आला आणि माडीवरची खोली दिली.

फायनलला विनायकनं दोन गोल मारले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडं पहिलं गिऱ्हाईक तो दुसरा घरमालक. दहा फुटी फ्लेक्स पाहिजे, मधे विनायकचा फोटो, शेजारी तेवढाच मोठा ह्याचा, वर मजकूर: 'आमच्या घरचा वाघ'. मी छापला. माझा धंदा आहे. पण त्या दिवशी मला स्वतःची थोडी लाज वाटली, हे कबूल करतो.

संध्याकाळी विनायक आणि सर्जादा त्या फ्लेक्सखाली उभे होते. विनायकनं विचारलं, शेजारचा गृहस्थ कोण. सर्जादानं सांगितलं की ज्यानं तुला खोली दिली नाही तो.

विनायकनं फ्लेक्सकडं बोट केलं. मग म्हणाला, "मला त्याच्या घरात जागा न्हाई. आणि ह्यो माझ्या फ्लेक्सवर र्‍हायला आलाय?"

*

विनायक सीझन संपवून गेला आणि सर्जादा पोरका झाला. तेवढ्यात त्याला फोनवर हुपरीच्या रेश्माची फाईट दिसली. वडील घरच्याच कारखान्यात चांदीचे पैंजण करतात आणि मुलगी बॉक्सिंग करते. ती देशात पहिली आली होती. सर्जादानं फोनवरचा ब्राझीलचा झेंडा काढून तिथं रेश्माचा फोटो लावला. ही फार मोठी गोष्ट आहे. तिथं पूनमच्या लग्नाचा फोटोसुद्धा लागलेला नव्हता.

तालमीनं सत्कार ठेवला. स्टेजवर अठरा खुर्च्या, त्यांतली एक रेश्माची, तीही कडेची. प्रत्येक वक्त्यानं तिला शाल घातली, नारळ दिला आणि स्वतःबद्दल बोलला. शेवटी एक पुढारी उठले आणि म्हणाले, की रेश्मानं कोल्हापूरच्या कुस्तीचं नाव देशात गाजवलं. सर्जादा प्रेक्षकांतून उभा राहून बॉक्सिंग, बॉक्सिंग म्हणून ओरडला. पुढारी म्हणाले, तेच ते.

मग रेश्माला माईक दिला. मांडीवर शालींचा ढीग घेऊन ती बसली होती. तो खुर्चीवर ठेवून ती उठली.

"शाली बारा झाल्या," ती म्हणाली. "हुपरीत एवढी थंडी पडत न्हाई. माझं ग्लोव्ह्ज फाटल्यात, तेवढं बघा."

टाळ्या थांबेनात. पुढाऱ्यांनी जागेवरच जाहीर केलं की उद्याच्या उद्या ग्लोव्ह्ज पोचतील. आणि शब्दाला माणूस पक्का निघाला. दुसऱ्या दिवशी गाडी हुपरीला गेली.

लोकरीचे होते.

रेश्माचे जुने ग्लोव्ह्ज शेवटी इकबालभाईनं शिवून दिले. एवढंच म्हणाला, की बूट शिवताना आत कोण जाणार म्हणून वाईट वाटतं, हे शिवताना वाटलं नाही.

*

पुढच्या वर्षी ती सेमीफायनलला हरली. आम्ही फोनवर बघितली ती फाईट. सर्जादाच्या मते चोरी झाली, आणि ह्यावेळी इकबालभाईसुद्धा तेच म्हणाला. पॉइंटवर गेली बिचारी.

जिंकून आली होती तेव्हा स्टेशनवर हलगी होती, सहा गाड्या होत्या. हरून आली तेव्हा सकाळी सर्जादा, इकबालभाई आणि मी, तिघंच. वडिलांना पैंजणांची ऑर्डर पोचवायची होती, ते घरी वाट बघत होते. रेश्मा उतरली तेव्हा तिचा डावा डोळा पूर्ण मिटलेला, भोवती काळंनिळं. सर्जादानं काहीतरी बोलायची तयारी केली होती. तो नुसता तिची बॅग घेऊन चालायला लागला.

तिला एकटीला कसं सोडायचं, म्हणून हुपरीच्या एसटीत आम्हीही बसलो. सर्जादा तिच्या शेजारी, आम्ही दोघं मागं. पलीकडच्या सीटवर एक म्हातारी, मांडीवर पिशवी. ती बराच वेळ रेश्माच्या डोळ्याकडं बघत होती. मग तिनं विचारलं, लग्नाला किती वर्षं झाली.

रेश्मा खिडकीबाहेर बघत होती. म्हातारीनं तिचं उत्तर तिच्या गप्प बसण्यातून काढलं आणि मोर्चा सर्जादाकडं वळवला. सासरा दिसतोस, म्हणाली. पोरगा असा हात उचलतो आणि तू मांडीला मांडी लावून बसतोस. पुढच्या सीटवरचे दोघं मागं वळले. कंडक्टर तिकिटं थांबवून उभा राहिला. इकबालभाईनं मधे बोलायचा प्रयत्न केला, तर त्यालाही ह्यांच्यातलाच एक म्हणून गप्प केलं.

सर्जादाला घाम फुटला. "आज्जी, मी सासरा न्हाई," तो म्हणाला. "मी तिचा फॅन हाय."

"मग पोरगी मार खाताना बंद हुतास काय?"

अख्खी एसटी हसली. सर्जादानं मान खाली घातली. म्हातारीचा स्टॉप, पट्टणकोडोली, जवळ आला होता. म्हातारी उठली, दांडीला धरून रेश्माजवळ आली आणि हळू आवाजात तिला म्हणाली, "आणि तू गं? तू बी ठेवून द्यायची हुतीस की एक."

तेव्हा रेश्मानं पहिल्यांदा तोंड वळवलं.

"दिल्या की आज्जी. चांगल्या पाच-सहा दिल्या. पंचांनी मोजल्या न्हाईत."

एसटी थांबली. म्हातारी दांडी धरून तशीच उभी होती. कंडक्टरनं उतरा म्हणून सांगितलं, तरी हलेना. तिनं रेश्माचा हात हातात घेतला, बोटांची सुजलेली हाडं अंगठ्यानं चाचपली.

"गावचं पंचबी असलंच असत्यात," ती म्हणाली. "माझ्याबी न्हाईत मोजल्या."

आणि पिशवी काखेत मारून उतरून गेली.