मैना, मक्याचा चोथा आणि मामाजी

गेल्या रविवारी दुपारी लोधीखेड्याला आमच्या घरी जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाही... कपडे वाळत घालून गोठ्यात गेले, तर मैना खाली बसलेली. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगलेली आणि श्वासागणिक कण्हून राहिली होती.

मैना म्हणजे माझी जर्सी गाय. माहेरून कालवड म्हणून आणली, मीच वाढवली. या घरात माझं स्वतःचं म्हणावं असं काय आहे, तर ती.

थोडं मागचं सांगते. व्यायल्यावर मैना खंगत चालली होती, बरगड्या दिसायला लागल्या, दूध आटलं. नुसत्या सरकीच्या ढेपेनं भागेना. सौंसरच्या गुरांच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, पेट्रोलमध्ये टाकायला मक्याचं इथेनॉल काढतात ना, त्याचा उरलेला वाळका चोथा मिळतो... तो मापानं द्या, ताकद येईल. मी पोतं आणलं.

आणि घरात ठिणगी पडली. माझे सासरे, म्हणजे मामाजी, त्यांनी पोत्यात नाक घातलं आणि म्हणाले, "दारूचा माल हाय हा. माया गोठ्यात नाई चालणार."

त्यांचे वडील दारूपायीच गेले. तरुणपणी विहारात पंचशील घेतलं, त्यातलं दारू न पिण्याचं शील मामाजींनी असं धरून ठेवलं की वरातीत पिणारा दिसला तर रस्ता बदलतात. मी परोपरीनं सांगितलं, अहो, दारू नाही, ते गाडीच्या टाकीत गेलं, हा नुसता मक्याचा चोथा उरला... ऐकतील तर शपथ! शेवटी माझंही डोकं फिरलं. म्हटलं, गाय माझी, मीच घालीन, तुम्ही हात लावू नका. "नाईच लावत," म्हणाले, आणि त्यानंतर माझ्याशी बोलणंच तोडलं. मैना मात्र भरत गेली. अंगावर चकाकी आली.

म्हणून रविवारी तिचं पोट पाहून भीतीच्या आधी मनात काय आलं? झालं... आता मामाजी म्हणणार, सांगितलं होतं. अशी मी!

मॅडमना फोन लावला, स्पीकरवर. त्या दुसऱ्या गावी होत्या, यायला तास तरी लागणार होता. तेवढ्यात नवरा धावत आला आणि म्हणाला, "संत्रं अडकलं असन घशात." आमच्या कुंपणाला लागून बगीचा आहे, सध्या फळगळ चालू आहे, हिरवी संत्री आमच्या बाजूला पडतात. मला तर जीव आल्यासारखं झालं. संत्रं असेल तर चोथ्यावर नाव येत नाही... हो हो, संत्रंच, मी म्हटलं.

मॅडमचा आवाज एकदम कडक झाला. "नीट विचार करून सांगा. संत्रं अडकलं असेल तर घशात थेंबही ओतू नका, फुफ्फुसात जाईल. जास्त खाल्लं असेल तर आत्ताच खायचा सोडा आणि तेल पाजा, माझी वाट बघू नका. उलटं केलंत तर गाय जाईल. चोथा किती घातला?"

तुम्ही सांगितला तेवढाच, मी म्हटलं. आणि ते खरंच होतं. "मग तेवढ्यानं असं होत नाही," त्या म्हणाल्या.

नवरा म्हणतो संत्रं. घशात अडकलं की लाळ गळते; ती गळत होती की नव्हती, तेही सांगता येईना. सोडा-तेल कालवून भरलेली बाटली हातात धरून मी उभी... आणि मैनानं मान जमिनीला टेकवली.

"संत्रं नाई."

मागे मामाजी. खांबाला धरून, मान खाली. "चोथा मी देल्ला. चार दिवसापासून दुपारी मीच देऊन राहिलो. आज घमेलंभर खाल्लं तिनं." मग हळूच म्हणाले, "लय आवडते तिले."

फोनमधून मॅडम म्हणाल्या, "पाजा." नवऱ्यानं जबडा धरला, मी गालातून थोडं थोडं सोडत गेले, मामाजी कूस चोळत बसले. मग तिघांनी मिळून उठवलं, अंगणात फिरवलं. तिचे पाय लटपटत होते. किती वेळ गेला कोण जाणे... आणि तिनं ढेकर दिला. असा मोठा, की मी तिथंच शेणात बसून रडले.

मॅडम आल्या, नळी घालून उरलेला गॅस काढला. म्हणाल्या, वेळेवर कळलं म्हणून वाचली.

संध्याकाळी मामाजी घरात येईनात. मीच चहा घेऊन गोठ्यात गेले. भांडायचं ठरवूनच गेले होते, शब्द तयार होते. ते मैनाकडे बघतच म्हणाले, "दारूचं शील मोडलं का नाई, मले समजत नाई सूनबाई. पण खोटं न बोलायचंबी शीलच हाय ना."

मी कप त्यांच्या हातात दिला. तिथंच बसून दोघांनी चहा घेतला.

दुपारचं माप आता मीच त्यांच्या हाती दिलं आहे. डबा भरतात, वरून हात फिरवून सपाट करतात. मैना मान लांबवून अजून मागते, तर म्हणतात, नाई भेटत.

मी मात्र अजून त्या हिरव्या संत्र्यापाशीच अडकले आहे. ते गप्प राहिले असते तर त्यांचा शब्दही राहिला असता आणि सुनेसमोर मानही. त्यांना लपायला जागा होती... मी लपलेच होते ना तिथं. माझी मैना आज रवंथ करते आहे, ती मामाजी लपले नाहीत म्हणून.