चिठ्ठीच्या पाठीवरचे कुंकू

ते प्रकरण अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. तेव्हा मी जळगावात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका डाळ मिलमध्ये यंत्रात सापडून एका बाईची उजव्या हाताची तीन बोटे गेली. ती मूळची भडगावकडची, नवरा वारलेला. मालकाचा जबाब तयारच होता, "ही आमची कामगार नाही. डाळ चोरायला आत घुसली होती." वर चोरीची लेखी तक्रारही दिली! कामगार नाही म्हटले की भरपाईचा प्रश्नच मिटला.

मी दवाखान्यात गेलो. बाई रडत नव्हती. एवढेच म्हणाली, "भाऊ, हात गया ते गया. पन मी चोर नही शे."

मिलमधली एकही बाई तोंड उघडेना. रोजी कोण घालवणार? दोन दिवसांनी ठाण्यात फोन आला. दुसऱ्याच कुणा बाईचा आवाज. "साहेब, नाव विचारू नका. तिच्या खोलीत देवाच्या फोटोमागे पगाराच्या चिठ्ठ्या आहेत."

दोन पंच घेऊन गेलो. तारेत ओवलेल्या अकरा चिठ्ठ्या मिळाल्या. पाहून माझे डोकेच फिरले. बाईचे नाव आणि एक आकडा, बस. मिलचे नाव नाही, महिना नाही, कामाचे दिवस नाहीत, कपात कशाची तेही नाही. मालकाला दाखवल्या, तर तो हसला, "असल्या चिठ्ठ्या कोणीही लिहील, साहेब."

आमच्या रायटरने, म्हणजे ठाण्याच्या लेखनिक हवालदाराने, पहिली चिठ्ठी डकवायला मागून खळ लावली आणि ओरडला, "साहेब, रक्त!" बोट लाल झाले होते. रक्त कसले, कुंकू होते ते. आम्ही शहाण्यांनी चिठ्ठ्या उलटून पाहिल्याच नव्हत्या. एक आमच्या हातून खराब झाली. उरलेल्या दहांच्या पाठीवर ठिपक्यांच्या ओळी होत्या.

चिठ्ठ्या घेऊन पुन्हा दवाखाना गाठला. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईने मला एकेक खूण समजावली. कुंकवाचा ठिपका म्हणजे भरलेला दिवस, हळदीचा म्हणजे जादा वेळ, काजळाची रेघ म्हणजे पैसे कापले. हाती पडलेल्या चिठ्ठीच्या पाठीवर पुढच्या महिन्याचा हिशेब. एका ओळीत एक आठवडा, सुट्टीची जागा कोरी.

"बठ्ठा दिन मांडेल शेतस, भाऊ." खरेच, एकूण एक दिवस मांडलेला होता.

एका चिठ्ठीवर मात्र आठवड्याच्या मधलीच तीन घरे कोरी होती. "आक्का, आजारी होतात का?"

"मी कसाले आजारी पडस? मोटर जळेल व्हती."

मिलच्या मुनीमाला ठाण्यात बोलावले. चहा पाजला, इकडचे तिकडचे बोललो. मग सहज विचारले, "मुनीमजी, मोटर जळाली तेव्हा मिल तीनच दिवस बंद होती ना?"

तो चपापला. "हे तुम्हाला कोणी सांगितलं? व्यापाऱ्यांना कळू नये म्हणून शेठजींनी बाहेर कुठे बोलूच दिलं नव्हतं. आतल्या माणसांशिवाय कोणाला..." आणि तिथेच थांबला. मी चिठ्ठी उलटी करून त्याच्यापुढे ठेवली. ओवलेल्या क्रमावरून महिना मोजला, तर मिलच्या दुरुस्तीच्या नोंदवहीत तेच तीन दिवस निघाले. मग त्याने सगळे ओकले.

मालकावर गुन्हा दाखल झाला, चोरीची तक्रार खोटी ठरली आणि बाईला कामगार म्हणून भरपाई मिळाली.

पुढे सरकारी कामगार अधिकाऱ्याने मला पगारचिठ्ठीचा नियम वाचून दाखवला: कामाचे दिवस, दर, जादा वेळ, कपात आणि तिचे कारण. मी थक्क झालो. मालकाने जे पुढच्या बाजूला लिहायचे, त्यातले बहुतेक या बाईने मागच्या बाजूला कुंकवाने लिहून ठेवले होते. आणि मी? उभ्या नोकरीत माझ्या चिठ्ठीचा शेवटचा आकडा तेवढा पाहिला.

निवृत्तीनंतर तिला भेटायला गेलो. आता ती दुसऱ्या मिलमध्ये डाळ निवडते. तिथे छापील, सगळे रकाने भरलेली चिठ्ठी मिळते. तिने ती कौतुकाने दाखवली. मी उलटली, तर मागे ठिपके, डाव्या हाताचे, जरा वाकडे.

"आता छापून मिळतं की, आक्का. मग हे कशाला?"

"त्यास्नी त्यासनं लिखं, भाऊ. मनं मी लिखस." त्यांचे त्यांनी लिहिले, तिचे ती लिहिते.

नोकरीत मी पुष्कळांना सलाम ठोकले, बहुतेक हुद्द्याला. त्या दिवशी साध्या कपड्यांत होतो, तरी हात आपसूक कपाळाकडे गेला.